लहान मूल सायकलवर डबलसीट न्यायचं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहुतेक पालक 'कुठली सीट घेऊ?' इथून सुरुवात करतात. आमच्या मते सीटचा प्रश्न तिसरा. आधी मुलाचं वय आणि वजन, मग सायकल, आणि मग सीट. खालची उत्तरं साधारण त्याच क्रमाने आहेत.

कितव्या महिन्यापासून मुलाला सायकलवर नेता येतं?

पहिला वाढदिवस होईपर्यंत नाहीच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला हाच आहे, आणि न्यूयॉर्क राज्यात तर वर्षाच्या आतलं मूल सायकलवर नेणं कायद्यानेच बंद आहे. कारण मानेचं आहे. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मानेचे स्नायू कोवळे असतात. त्यावर हेल्मेटचं वजन आलं आणि खालून खड्ड्यांचे धक्के बसले की मान ते पेलत नाही. हेल्मेट घालायचं नाही, तर मग सायकलही नको, कारण त्या वयात पडल्यावर पहिला मार डोक्यालाच बसतो.

वर्ष झालं म्हणजे लगेच चालेल असंही नाही. बऱ्याचशा सीट ९ किलोंपासून पुढच्या मुलांसाठी बनवलेल्या असतात. मूल कशाचाही आधार न घेता पाठ ताठ ठेवून बसतं का, हेल्मेट घालून अर्धा तास घरात खेळलं तरी मान कलत नाही ना, हे घरीच बघा. आपल्याकडचे रस्ते लक्षात घेता आम्ही दीड वर्षापर्यंत थांबा असंच सुचवतो.

आणि कितव्या वर्षापर्यंत?

इथे वय दुय्यम, वजन मुख्य. मागच्या नेहमीच्या सीटची मर्यादा २२ किलो असते, पुढच्या सीटची १५. जर्मनीत सायकलच्या सीटवर सात वर्षं पूर्ण होईपर्यंतच मूल नेता येतं, आणि चालवणारा किमान १६ वर्षांचा असावा लागतो. हा दुसरा नियम आपल्याकडेही घरोघरी लागू करण्यासारखा आहे: सातवीतल्या दादाने बालवाडीतल्या बहिणीला डबलसीट आणणं बंद.

कॅरिअरवर उशी बांधून बसवलं तर काय बिघडतं? आम्हीही तसेच मोठे झालो.

पाय बिघडतात. कॅरिअरवर दोन्हीकडे पाय टाकून बसलेल्या चार वर्षांच्या मुलाची टाच बरोबर मागच्या चाकाच्या तारांसमोर येते. साध्या काळ्या सायकलच्या मागच्या चाकाला ४० तारा असतात. ताशी १५ किलोमीटर वेगाला टाचेसमोरून दर सेकंदाला सुमारे ७५ तारा जातात. मूल कंटाळलं, पेंगलं किंवा खड्ड्यात सायकल आदळली की पाय आत जातो, तारांसोबत पुढे ओढला जातो आणि तारा व फ्रेमची नळी यांच्यामध्ये चिरडतो. टाचेमागची कातडी सोलली जाते, कधी घोट्याचं हाड मोडतं. अस्थिरोगतज्ज्ञांना ही दुखापत इतकी ओळखीची आहे की तिला 'स्पोक इंज्युरी' असं वेगळं नावच आहे.

मूल एका बाजूला पाय सोडून बसलं तरी धोका टळत नाही, शिवाय तोल एकीकडे जातो. 'मी पाय लांब ठेवायला सांगितलंय' याला काही अर्थ नाही. या वयाचं मूल दोन मिनिटं सांगितलेलं पाळतं, तिसऱ्या मिनिटाला कुत्रा दिसतो.

लेडीज सायकलच्या मागच्या चाकाला जी साडी अडकू नये म्हणून जाळी असते, ती या बाबतीत मोलाची आहे. दोन्ही बाजूंना असेल तर उत्तम. पण जाळी पाय वाचवते, पडण्यापासून वाचवत नाही. पाठीला टेका, कमरेला आणि खांद्याला बेल्ट, पायाला खोलगट आधार, या तीन गोष्टी नसलेल्या जागेला आम्ही सीट म्हणत नाही.

दांडीवर बसवायची छोटी गादीवाली सीट कशी?

स्वस्त, सगळीकडे मिळणारी, आणि या यादीत आमचा सर्वांत नावडता पर्याय. बहुतेकींना बेल्ट नसतो आणि पाठीचा टेका वीतभर. क्लॅम्प दांडीभोवती हळूहळू फिरतो. बोल्ट कितीही आवळला तरी रंगावरून घसरतो, आणि मूल एका बाजूला कललं की सीटही कलते. मोठा धोका मात्र पुढच्या चाकाचा आहे. पाय मागच्या चाकात गेला तर मुलाला इजा होते. पुढच्या चाकात गेला तर चाक जागेवर थांबतं आणि मुलासकट चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो.

तरीही तीच वापरायची असेल तर मूल किमान तीन वर्षांचं हवं. दोन्ही पायांना ठेवायला पक्क्या पावट्या हव्यात, क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा, आणि घर ते कोपऱ्यावरचं दुकान एवढंच अंतर. वाहत्या रस्त्यावर नाही.

पुढची सीट घ्यावी की मागची?

मागची, बहुतेकांसाठी.

पुढच्या सीटचं आकर्षण समजतं. मूल दोन हातांच्या मधे असतं, गप्पा मारता येतात, ९ ते १५ किलोंचं वजन पुढे असल्याने सायकल हलकी वाटते. पण वजन हँडलजवळ आलं की वळण जड होतं, चालवणाऱ्याला गुडघे बाहेर काढून पॅडल मारावं लागतं, आणि जोरात ब्रेक दाबल्यावर मागचं चाक उचललं जाण्याची शक्यता वाढते. पडताना चालवणाऱ्याचं शरीर मुलावर येतं. पुढच्या सीटला डोक्याइतका उंच टेका नसतो, त्यामुळे मूल झोपलं की मान लटकते. शिवाय दीड-दोन वर्षांत ती सीट लहान होते.

मागच्या सीटला उंच पाठ असते, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कडा असतात. सायकल आडवी झाली तर आधी त्या कडा आणि पायाचे खोलगट भाग जमिनीला टेकतात. तोटा एकच, पण खरा: मूल दिसत नाही. बेल्टमधून हात काढला, चप्पल पडली, हे कळत नाही. हँडलला छोटा आरसा लावा.

आमच्या सायकलला मागची सीट बसेल का?

सायकल नेऊन दुकानात लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार फ्रेमवर बसतो. सीटखालच्या उभ्या नळीला एक ठोकळा आवळतात आणि त्यातून निघणाऱ्या दोन वाकवलेल्या सळयांवर सीट तरंगते. सळया थोड्या लवतात, म्हणून खड्ड्याचा धक्का मुलाच्या मणक्यापर्यंत कमी पोचतो. बहुतेक ठोकळे २८ ते ४० मिलिमीटर जाडीच्या गोल नळीसाठी असतात. आपल्या जुन्या काळ्या सायकलची नळी साडेअठ्ठावीस मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे जेमतेम बसते. लंबगोल नळी, कार्बनची फ्रेम किंवा मागे शॉकअप असलेली सायकल असेल तर हा प्रकार विसरा. ठोकळ्याखाली ब्रेकची केबल दबत नाही ना, तेही बघा. दबली की ब्रेक अर्धवट लागून राहतो.

दुसरा प्रकार कॅरिअरवर बसतो. इथे सगळा भार कॅरिअरवर. सीट चार-पाच किलोंची, मूल १८ किलोंचं, म्हणजे २३ झाले. कॅरिअरवर २५ किंवा २७ किलो असं कोरलेलं असेल तर ठीक; १० किंवा १८ असेल तर नाही. गिअरच्या सायकलींना नंतर लावलेली, एकाच नळीला अडकवलेली ॲल्युमिनियमची कॅरिअर कधीच नाही. काळ्या सायकलची लोखंडी कॅरिअर दणकट असते, पण तिला गोल नळ्यांऐवजी चपट्या पट्ट्या असतात आणि वर स्प्रिंगची चाप असते. परदेशी मापाचे क्लॅम्प त्यावर धड पकडत नाहीत. चाप काढून टाकावी लागते. बसवल्यावर सीट दोन्ही हातांनी धरून आडवी हलवा. सायकल हलली पाहिजे, सीट वेगळी हलता कामा नये.

आणखी दोन मापं. सीटचा गुरुत्वमध्य, जो बहुतेक सीटवर खुणेने दाखवलेला असतो, मागच्या ऍक्सलच्या फार तर १० सेंटिमीटर मागे चालतो. त्याहून मागे गेला की चढावर पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल लडबडतं. दुसरं म्हणजे आपल्या सीटखालच्या स्प्रिंगा. मागे बसलेल्या मुलाची बोटं बरोबर तिथे जातात, आणि आपण बसल्यावर स्प्रिंग दाबली जाते. स्प्रिंगांभोवती जाड रेक्झिनचं कव्हर शिवून घ्या किंवा स्प्रिंग नसलेली सीट टाका. काळ्या सायकलवाले हे हमखास विसरतात.

सीटवर कुठला शिक्का बघायचा?

युरोपचं मानक ईएन १४३४४. 'ए २२' म्हणजे मागची, ९ ते २२ किलो. 'ए १५' म्हणजे मागची, १५ किलोंपर्यंत. 'सी १५' म्हणजे पुढची. नुसतं 'सुरक्षित' असं छापलेल्या खोक्याला किंमत देऊ नका.

जुनी सीट घेताना प्लास्टिकचा रंग बघा. गच्चीत उन्हात पडलेली सीट पांढुरकी आणि ठिसूळ होते; अंगठ्याने दाबल्यावर कड करकरली तर सोडून द्या. बकल दहा वेळा उघडझाप करा. पुस्तिका नसेल तर मॉडेलचं नाव शोधून ती मिळवा, कारण वजनाची मर्यादा तिच्यात असते.

आमच्या सायकलचे ब्रेक चांगले आहेत. मग?

एकट्यासाठी चांगले. मूल आणि सीट मिळून पंधरा-वीस किलो वाढले की बघावं लागतं. साधं गणित असं: कोरड्या रस्त्यावर बेताचा ब्रेक लागतो असं धरलं, म्हणजे दर सेकंदाला वेग सुमारे ३ मीटर प्रतिसेकंदाने कमी होतो, आणि ब्रेक दाबायला एक सेकंद गेला, तर ताशी १५ च्या वेगाला थांबायला सुमारे ७ मीटर लागतात, २० ला साडेदहा-अकरा, २५ ला १५. वेग दहाने वाढला आणि अंतर दुप्पट झालं. म्हणून मूल असताना १५ च्या वर जाऊ नका.

हे कोरड्याचं. चकचकीत लोखंडी रिमवर पाणी पडलं की रबराची पकड फार कमी होते. पावसात दांडीचे ब्रेक दाबूनही सायकल आरामात पुढे जात राहते, हा अनुभव कोणाला नाही? मूल नेणार असाल तर रिम ॲल्युमिनियमची करून घ्या, ब्रेकचे रबर नवे टाका, आणि मागच्या टायरमध्ये कडेवर लिहिलेल्या दाबाच्या वरच्या आकड्याइतकी हवा ठेवा. कमी हवेत वळणावर सायकल डुलते आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेचून पंक्चर होते.

हेल्मेट कसं निवडायचं?

सायकलचं, लहान मुलाच्या मापाचं. मोटरसायकलचं पूर्ण हेल्मेट दोन वर्षांच्या मानेला जड पडतं. डोक्याचा घेर भुवयांच्या वर टेप लावून मोजा आणि त्या मापाचं घ्या. 'वाढतं अंग आहे, एक नंबर मोठं द्या' हा कपड्यांचा हिशेब इथे लावू नका. घातल्यावर कड भुवयांच्या वर दोन बोटं असावी. कपाळ उघडं पडलं असेल तर ते हेल्मेट नाही, टोपी आहे. पट्ट्या कानाखाली एकत्र याव्यात आणि हनुवटीखाली एक बोट जेमतेम जावं.

खाली कानटोपी घालू नका, उंच बांधलेली पोनी किंवा अंबाडा सोडा आणि वेण्या खाली मानेजवळ घाला. सीटची पाठ उंच असेल तर मागे फुगीर असलेलं हेल्मेट त्यावर अडतं आणि मुलाचं डोकं पुढे ढकललं जातं. अशा सीटसाठी मागून सपाट हेल्मेट हवं. उतरल्यावर हेल्मेट लगेच काढा. ते घालून घसरगुंडीवर गेलेल्या मुलाचं डोकं गजांत अडकून पट्ट्याचा फास बसू शकतो. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही छान दिसो, आतला थर्मोकोल दबलेला असतो. ते टाकून द्या.

बेल्ट किती घट्ट?

खांद्यावरच्या पट्ट्याखाली तुमचं एक बोट सपाट जाईल इतका. पट्टे खांद्याच्या पातळीवरून किंवा किंचित वरून यावेत. खालून आले तर खांदे खाली ओढले जातात. पाच ठिकाणी बांधणारा बेल्ट तीन ठिकाणच्यापेक्षा चांगला, कारण त्यातून मूल खाली घसरत नाही. पाठीवर दप्तर ठेवून बांधू नका. दप्तराने मूल पुढे ढकललं जातं आणि बेल्ट पोटावर येतो. दप्तर पुढच्या बास्केटमध्ये ठेवा. ओढणी, मफलर, लोंबणारी नाडी आत खोचा. तुमची स्वतःची ओढणीही.

पायाचे पट्टे रोज लावा आणि पावटीची उंची दर तीन महिन्यांनी बघा.

मुलाला चढवायचं कसं?

सगळ्यात जास्त गफलत इथे होते, आणि तीही सायकल उभी असताना. कडेच्या एका पायाच्या स्टँडवर सायकल लावून मुलाला बसवू नका. मूल कललं की ती दुसऱ्या बाजूला कोसळते, आणि मूल जवळजवळ मीटरभर उंचीवरून बांधलेल्या अवस्थेत खाली येतं. मागच्या चाकाला दोन्हीकडून उचलणारं जुन्या पद्धतीचं स्टँड किंवा मधलं दोन पायांचं स्टँड लावून घ्या. जमीन सपाट आणि घट्ट हवी.

आधी सामान, मग दोघांची हेल्मेटं, मग मूल, बेल्ट, पाय. एक हात सतत हँडलवर किंवा मुलावर. कुलूप काढायला, गेट लावायला, फोन घ्यायला 'एक मिनिट' मुलाला स्टँडवरच्या सायकलवर सोडू नका. उतरताना मूल आधी, बाकी सगळं नंतर.

मागे सीट असली की पाय मागून टाकता येत नाही. दांडी वरून ओलांडायची वेळ येते आणि तिथेच तोल जातो. म्हणून उंचीने बेताच्या पालकांनी दांडी खाली असलेली लेडीज फ्रेमची सायकल घ्यावी, बाबांनीही.

पहिल्यांदा थेट रस्त्यावर काढू का?

नको. १० किलो तांदळाची पिशवी सीटमध्ये बेल्टने बांधा आणि मोकळ्या मैदानावर अर्धा तास चालवा. सुरू करणं, ताशी पाचच्या वेगाला सरळ जाणं, एका हाताने इशारा, डावं-उजवं वळण, एकदम ब्रेक. पिशवी तक्रार करत नाही, पण मूल असेल तितकीच सायकल ओढते. हे जमलं की मूल, तेही आधी सोसायटीच्या आतच.

बाळाला झोळीत किंवा बेबी कॅरिअरमध्ये अंगाशी बांधून चालवलं तर?

नाही. तुम्ही पडलात की तुमच्या वजनाखाली बाळ येतं.

मूल वाटेत झोपतं.

झोपणारच. मागे कलणारी सीट असेल तर डोकं मागे टेकतं. नसेल तर झोपेच्या वेळेला निघू नका, आणि पेंग दिसली की थांबून उतरवा. गळ्याभोवती उशा, दुपट्टा बांधून डोकं सीटला बांधणं असले उपाय करू नका.

दोन मुलं एकदम?

साध्या सायकलवर एकच. पुढे एक, मागे एक असं परदेशात चालतं, पण तिथल्या सायकली, ब्रेक आणि रस्तेही त्याला साजेसे असतात.

ट्रेलर (सायकलमागे जोडायची मुलांची गाडी) किंवा कार्गो सायकल (मुलं बसवायला मोठी पेटी असलेली) यांचं काय?

नेदरलँड्स, डेन्मार्क, जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून हा प्रश्न येतो. तिथे वेगळे सायकलमार्ग असल्यामुळे दोन्ही उत्तम. ट्रेलर खाली असतो आणि सायकल पडली तरी साधारणपणे उभा राहतो. उलटतो तो वळणावर एक चाक कडेच्या दगडावर चढलं की, म्हणून वळताना चालण्याच्या वेगाच्या जरा वर एवढंच. उंच झेंडा लावा. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर मात्र ट्रेलरमधलं मूल बसच्या धुराड्याच्या पातळीवर येतं आणि रिक्षावाल्याला दिसत नाही. इथे नको.

जुनी कार्गो सायकल घेताना फ्रेमचा नंबर तपासा. २०२४ च्या फेब्रुवारीत फ्रेम तुटण्याच्या तक्रारींवरून नेदरलँड्सच्या ग्राहक सुरक्षा यंत्रणेने बाबू (Babboe) या कंपनीच्या सायकलींची विक्री थांबवून त्या परत मागवायला लावल्या होत्या.

ई-सायकलवर चालेल का?

चढाच्या गावात मदतच होते. पण सायकलवर बसताना मोटर घात करते: पॅडलवर पाय ठेवल्याबरोबर सायकल पुढे उसळते. मूल बसवताना मोटर बंद, तुम्ही नीट बसल्यावर चालू आणि सर्वांत खालच्या पातळीवर.

भारतात मुलांच्या सायकल सीटचा कायदा आहे का?

२०२२ चा केंद्रीय नियम मोटरसायकलचा आहे: चार वर्षांखालील मुलाला बेल्टचा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा. पॅडलची सायकल त्यात येत नाही. मात्र इंजिनवाल्या गाडीला जे लागतं ते सायकललाही लागू समजा, वेग सोडून.

पावसाळ्यात?

छत्री नाही, पसरणारा पोंचो नाही. मुलाला अंगाबरोबरचा रेनकोट, त्यावर बेल्ट. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही, तेव्हा डबकं टाळता येत नसेल तर उतरून ढकला. मूल सीटवरच राहू दे.

पाय तारांत अडकलाच तर?

ओढू नका, चाक उलटं फिरवू नका. त्याने जखम वाढते. सायकल उभी धरा, दुसऱ्या कोणाला तरी मुलाला उचलून धरायला सांगा, आणि पक्कडीने त्या जागच्या तारा कापा. जवळच्या सायकल दुकानात तार कापायची पक्कड असतेच. पाय मोकळा झाला की स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने झाका, बूट पुन्हा चढवू नका आणि दवाखाना गाठा. एक्स-रे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. पहिल्या दिवशी नुसतं खरचटल्यासारखं दिसतं; चिरडलेली कातडी कधी कधी दोन-तीन दिवसांनी काळी पडते. म्हणून जखम बरी दिसली तरी दुसऱ्यांदा दाखवायला जा.

रोज काय तपासायचं?

रोज: दोन्ही ब्रेक, हवा, सीट हलते का. आठवड्याला: सीटचे आणि कॅरिअरचे सगळे बोल्ट पान्याने. नवी सीट बसवल्यावर पहिल्या आठवड्यात दोनदा, कारण याच काळात बोल्ट ढिले होतात. महिन्याला: मागच्या चाकाच्या तारा दोन-दोन करून चिमटीत दाबा. एखादी सैल लागली तर दुकानात तारा आवळून चाक सरळ करून घ्या, आणि कॅरिअरच्या वेल्डिंगजवळ रंगाला केसाएवढी चीर दिसली तर त्या दिवसापासून मूल चालत.